न फिरवलेला पलंग

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या पोरांनो, नंतर जमणार नाही. हर्मीन माझ्या बहिणीची शेजारीण. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांचं करायची. बारा वर्षांत एकाच्याही पाठीला बेडसोर, म्हणजे आठवडेच्या आठवडे एकाच कुशीवर पडून होते ती जखम, होऊ दिला नव्हता तिने. गेल्या ऑगस्टातली चौदा तारीख, गुरुवार. हर्मीन जिचं करायची ती म्हातारी मिस आयव्ही वारली, त्याची ती नववी रात्र. म्हातारीच्या घरी राहिलेलं आपलं रक्तदाबाचं यंत्र आणायला हर्मीन गेली.

आमच्याकडे नवव्या रात्री मेलेल्यासाठी जागर असतो; अंगणात डोमिनोचे डाव, तळलेली मासळी, रम, भजनं, सगळं रीतसर चालू होतं. पण हर्मीनला बघून बायकांनी माना फिरवल्या. म्हातारी पाठ सडून मेली होती, आणि तिचा भाचा ऑर्विल याने सगळा दोष हर्मीनवर ढकलला होता. आता आमच्या सांता क्रूझ गावात तिला कुणी कामाला ठेवत नव्हतं. खरं तर दिवसा ती दर दोन तासांनी म्हातारीची कूस बदलायची. रात्रीचं काम ऑर्विलचं, आणि तो घोरत पडायचा.

नवव्या रात्री मेलेलं माणूस आपल्या खोलीचा निरोप घ्यायला येतं. पलंग फिरवून ठेवला की त्याला खोली ओळखू येत नाही, ते आपलं निघून जातं. बायका पलंगाला हात घालायला गेल्या तर ऑर्विल आडवा आला.

"खोली आता माझी. पलंग आहे तिथेच राहील, मी झोपणार आहे त्यावर." मग हर्मीनला म्हणाला, "आणि तू गं, यंत्र उचल आणि चालू पड. एक जीव घेतलास तेवढा पुरे."

पलंग फिरव बाबा, एवढं तिला म्हणता आलं असतं. पण तिने नुसतं यंत्र उचललं. जळत होती ती आतून. शेवटची टॅक्सी चुकली म्हणून मागच्या ओट्यावर बसली, त्याच खोलीच्या दाराशी.

अकराला ऑर्विल आडवा झाला.

एकला भजनं थांबली.

दोन वाजले. आतून आवाज आला.

"वळव... मला वळव ना..."

शब्द म्हातारीचे. आवाज ऑर्विलचा.

"मावशी... ऊठ... अंगावरून ऊठ..."

हर्मीन उठली. कडीवर हात ठेवला...

आणि काढून घेतला.

तीन.

"हर्मीन... मीच नाही वळवलं तिला... मीच..."

ती बसून राहिली.

चार.

मग काहीच नाही.

उजाडल्यावर बायका आल्या, तेव्हा तिने दार उघडलं. ऑर्विल उताणा पडलेला. जिवंत होता, डोळे छताला. सवयीने तिने त्याला कुशीवर घेतलं, तर चादर पाठीला चिकटून वर आली.

माकडहाडावर तळहाताएवढी जखम. कडा काळ्या. आत हाड दिसत होतं.

डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत राहिला, हा किती आठवडे पडून होता? रात्री अकराला तो आपल्या पायांनी चालत खोलीत गेलेला सगळ्यांनी पाहिला होता.