मागची डावी सीट

बसा नीट, आणि ते मोबाइल खिशात घाला. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. हे मला कुणी तिसऱ्यानं सांगितलेलं नाही. माझ्या सख्ख्या मेव्हण्याच्या पोरानं, धैर्यशीलनं, याच अंगणात बसून सांगितलंय, आणि खोटं बोलायला जी हुशारी लागते ती त्या पोराकडं नाही.

धैर्यशील कोरेगावचा. पुण्यात एका कंपनीत नऊ वर्षं महागड्या गाड्यांचा आवाज लावायचा. आवाज लावायचा म्हणजे स्पीकर बसवणं नव्हे रं, ते कुणीही करतं. गाडीत वीस-वीस स्पीकर असतात. कुठला कानापासून किती लांब ते मोजायचं, आणि जवळच्याचा आवाज केसभर उशिरा सोडायचा. मग सगळे आवाज कानावर एकदम येतात, आणि गाणारा माणूस बरोबर समोर, काचेच्या मधोमध उभा राहून गातोय असं वाटतं. नोकरी सोडून तो गावी आला, तेव्हापासून सातारा-सांगलीत कुणाच्या भारी गाडीचा आवाज बिघडला की त्यालाच बोलावणं.

तारीख सांगतो. दोन हजार पंचवीस, सतरा जानेवारी, शुक्रवार. संकष्टी होती. मेढ्याच्या नानासोंचा फोन आला. त्यांनी एक परदेशी गाडी घेतली होती. कुणाची तरी वापरलेली, पण नव्याला लाजवेल अशी. त्यांची सून अंकिता पहिलटकरीण, सातवा सरत आलेला. रविवारी आठवा लागत होता, आणि आठव्यात बाईनं वेस ओलांडू नये म्हणतात. म्हणून शनिवारी पहाटे पाचला तिला त्याच गाडीतून सांगलीला माहेरी पोचवायचं ठरलं होतं. अडचण एकच. त्या गाडीत मागं बसून गाणं ऐकलं की अंकिताचं डोकं उठायचं. ती म्हणायची, गाणारी बाई माझ्या डाव्या कानाशी येऊन बसते.

"रातीत तेवढं सरळ करा," नानासो म्हणाले. "पोर अवघडल्याली हाय, तिला वाटंत तरास नगं."

"एवढंच ना? तासाभराचं काम हाय," धैर्यशील म्हणाला.

चंद्र उगवल्यावर घरच्यांनी उपास सोडले, यालाही मोदक वाढले. मोजमापाला शांतता लागते. म्हणून अकरा वाजून गेल्यावर, सगळी निजानीज झाली तेव्हा, गाडी गोठ्यापलीकडच्या शेडमध्ये नेली. इंजिन बंद. सोबतीला नानासोंचा मुलगा यशराज, म्हणजे अंकिताचा नवरा.

काम असं असतं. प्रत्येक सीटवर, डोकं येतं तिथं माईक लावायचा. स्पीकरमधून एक आवाज सोडायचा, ढगाच्या गडगडीपासून डासाच्या गुणगुणीपर्यंत चढत जाणारा. लॅपटॉपवर त्याची रेघ उमटते. आता ध्यान देऊन ऐका. सीटवर माणूस असला की त्याचं अंग, त्याचे कपडे बारीक आवाज पिऊन टाकतात, आणि रेघ शेवटाला खाली पडते. सीट रिकामी असली की वर राहते. नऊ वर्षांत त्यानं हजारो रेघा बघितल्या होत्या.

पुढच्या दोन्ही सीटा रिकाम्या. मागची उजवी रिकामी. मागची डावी... रेघ खाली.

त्याला वाटलं, माईक हलला. परत लावला. रेघ खाली. माईकच बदलला. तरी खाली.

"दादा, जरा तिथं बसा बघू."

यशराज बसला. रेघ हलली नाही. त्याला उजवीकडं बसवलं, तिथली रेघ झटक्यात पडली. पुन्हा डावीकडं बसवलं. तसूभर फरक नाही.

"मशीन बिघडलं का काय तुमचं?" यशराज हसला.

"मशीन ठीक हाय. ती सीट आधीच भरल्याली दावतंय."

"मग झोप आली आसंल तुमास्नी. लय गारठा हाय हितं, च्या आणतो." असं म्हणून यशराज घराकडं गेला. धैर्यशील गाडीत एकटा राहिला.

त्या गाडीत अजून एक सोय होती. रस्त्याची घरघर आत येऊ नये म्हणून छतात चार माईक. ते जो आवाज ऐकतात, त्याच्या बरोबर उलटा आवाज स्पीकर सोडतात. दोन्ही एकमेकांना खातात, आणि माणसाला वाटतं सगळं शांत आहे. धैर्यशीलचं लक्ष लॅपटॉपवर गेलं.

ती सोय चालू होती.

गाडी उभी. इंजिन बंद. रस्ता नाही, वारा नाही. तरी गाडी कसला तरी आवाज दाबत होती. मघापासून.

कसला, ते बघायला त्यानं ती बंद केली.

आधी काहीच नाही.

मग श्वास. मागून. बाईमाणसाचा... जड. जिना चढून आलेल्या अवघडल्या बाईचा असतो तसा.

आणि त्याच्या आत अजून एक आवाज. बारीक. भराभर. पोटातल्या बाळाचं काळीज डॉक्टर ऐकवतात ना... तसा.

धैर्यशीलनं मान वळवली नाही. एवढंच विचारलं, "कोण?"

श्वास थांबला.

बारीक आवाज चालूच...

कुणीतरी श्वास धरून त्याचं ऐकत होतं.

यशराज चहा घेऊन आला, तेव्हा हा बाहेर उभा होता, बॅटरीची तुटलेली वायर हातात. म्हणाला, "गाडी माझ्या हातनं गेली. पहाटं सुरू व्हायची न्हाई." खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घटकाभरात अंकिताच्या कानावर गेलं असतं, आणि त्या दिवसांत बाईनं भ्यायचं नसतं. नानासोंनी त्याला नाही नाही ते ऐकवलं. "नऊ वर्सं पुण्यात काय श्यान थापत हुतास व्हय रं?" पोरानं खाली मान घालून ऐकून घेतलं. माझ्या मते तेवढ्यासाठी त्याचे पाय धरावेत. एवढं नाव कमावलेला कारागीर, पण त्या पोरीसाठी आपल्या हातानं आपलं नाव बुडवलं.

पाचला शेजारच्या हरिबाची जीप आणली. शेडच्या तोंडाशीच लावली, कारण सामान परदेशी गाडीत आधीच भरून ठेवलं होतं. ते काढून जीपमध्ये टाकलं. हरिबा गाडी चालवायला, यशराज पुढं, अंकिता मागं. ओटी भरली, जीप गेली. धैर्यशीलच्या जिवात जीव आला.

उजाडल्यावर त्यानं वायर जोडून दिली. सात वाजले होते, ऊन पडलं होतं, गोठ्यात धारा काढणं चाललं होतं. दिवसाउजेडी धीर येतो माणसाला. त्यानं मागच्या डाव्या सीटवर परत माईक लावला.

रेघ वर होती.

स्वच्छ. रिकामी सीट.

क्षणभर बरं वाटलं त्याला. मग त्याला शेडच्या तोंडाशी लावलेली जीप आठवली. त्यानं यशराजला फोन लावला.

"कुठवर आलासा?"

"कराड मागं टाकलं. का वं?"

"वहिनी बऱ्या हायत न्हवं?"

"व्हय की. झोपलीया."

"मागं... अजून कोण हाय?"

"कोण आसणार? एकटीच हाय. सगळी सीट मोकळी हाय, तरी एका कडंला आंग चोरून बसलीया बघा. आन झोपंत सारखं पुटपुटती, जरा सरक गं... जागा पुरंना."