धाकटा दिवा

तिला एकच माणूस कमी पडत होता. एकोणतीस शिकाऊ शिक्षक येऊन बोलून गेले होते, तिसावा ऐनवेळी आजारी पडला, आणि तिच्या मार्गदर्शक मॅडमना आजच आकडा सांगायचा होता. म्हणून ती प्रयोगशाळेच्या दारात मांजरीसारखी टपून उभी होती. बाहेर पाऊस नुसता ओतत होता, आणि व्हरांड्यात एकजण छत्री झटकत होता.

“वीस मिनिटं आहेत तुमच्याकडे?” तिनं विचारलं.

“कशासाठी, त्यावर आहे.”

“विजेचे दिवे. नुसतं बोलायचंय.”

“मग आहेत,” तो म्हणाला. “पाऊस थांबेपर्यंत तर तुमचाच.”

आता यात लाजण्यासारखं काय होतं, तुम्हीच सांगा! पण आमच्या बाईसाहेब लाजल्या, आणि लाजता लाजता खुर्ची समजून कचऱ्याच्या डब्यावर बसायच्या बेतात होत्या.

तोही त्याच शिकाऊ शिक्षकांच्या वर्गातला निघाला. मुलाखतीच्या यादीत नाव द्यायचं मात्र त्यानं शिताफीनं टाळलं होतं.

तिचं काम मोठं गमतीचं होतं. ती संगणकावर एक लुटुपुटूचा वर्ग तयार करत होती. पडद्यावरची पोरं चुकीची उत्तरं द्यायची, भलत्याच शंका काढायची, आणि शिकाऊ मास्तरांनी त्यांना समजावायचं. खऱ्या पोरांसमोर उभं राहण्याआधी खोट्या पोरांवर हात बसवायचा. पण त्यासाठी चुका खऱ्या हव्यात, म्हणून या मुलाखती. आणि मुलाखतीचा नियम असा, की समोरच्याची चूक दुरुस्त करायची नाही. गप्प ऐकायचं.

तिनं चित्र पुढे सरकवलं. एक बॅटरी, आणि एकाच तारेवर एकामागून एक दोन सारखे दिवे. “कुठला जास्त उजळेल?”

तो बराच वेळ चित्राकडे बघत राहिला. “हे रेकॉर्ड होतंय?”

“होतंय. पण माझ्याशिवाय कुणी ऐकणार नाही. शब्द देते.”

“मग खरं सांगतो… मला हे कधी कळलंच नाही. शाळेत पाठ करून निभावून नेलं. मला वाटतं, पहिला दिवा म्हणजे थोरला भाऊ. तो पोटभर वीज घेणार, धाकट्याला उरलंसुरलं.” त्यानं हसून बाही ओढली. “आमच्या घरी असंच आहे. हा शर्टही दादाचाच.” मग त्यानं हळूच विचारलं, “चुकलं ना?”

दोन्ही दिवे सारखेच उजळतात. पण ती नियमाप्रमाणे गप्प बसली, आणि तो खरं उत्तर न कळताच परत गेला.

गेला म्हणजे… दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. छत्री राहिली म्हणून. छत्री त्याच्या हातातच होती.

“ही कोणाची मग?” तिनं विचारलं.

“ही? ही दादाची,” तो म्हणाला, आणि दोघं हसत सुटली.

मग तीन आठवडे त्याची काही ना काही वस्तू रोज राहतच गेली. चहा झाला, चहावर चहा झाला. तो शिकवायला उभा राहिला की घसा कोरडा पडतो, हे त्यानं सांगितलं. आपल्याला माणसांपेक्षा पडद्यावरची पोरं सोपी वाटतात, हे तिनं सांगितलं. हे सांगताना ती चमच्याकडे बघत होती आणि तो तिच्याकडे.

इकडे कामाचं मात्र घोडं अडलं होतं. तिची पडद्यावरची पोरं बोलायची, पण दगडासारखी. एकातही जीव नव्हता. जीव होता तो एकाच रेकॉर्डिंगमध्ये. ते ती हेडफोन लावून ऐकायची, पुन्हा लावायची, पुन्हा ऐकायची. मनाला काय, हवं ते पटवता येतं. त्याचं नाव कुठे येतंय? आवाज तरी कुठे त्याचा? कुणाला कळणार? तिनं एक गोबऱ्या गालांचा पोरगा काढला, त्याला बबड्या म्हटलं, आणि थोरला दिवा, धाकटा दिवा, दादाचा शर्ट… सगळं जसंच्या तसं त्याच्या तोंडी घातलं. त्याला विचारायचं तिला सुचलं नव्हतं असं नाही हो. सुचलं होतं. तो नाही म्हणेल, म्हणून विचारलं नाही.

प्रात्यक्षिकाला चाळीस शिकाऊ शिक्षक जमले होते, त्यांत तोही. बबड्या पडद्यावर आला, डोकं खाजवत म्हणाला, “थोरला पोटभर घेतो, धाकट्याला उरलंसुरलं. माझा शर्टपण दादाचाच!” सभागृह हसून लोळलं. आणि मागून, दादाचे शर्ट माहीत असलेला त्याचा एक दोस्त ओरडला, “अरे, हा तर आपलाच गडी! दादाचा शर्ट!”

सगळ्या माना वळल्या. कुणी त्याची बाही ओढली. पडद्यावर तेवढ्यात बरोबर उत्तर झळकलं: दोन्ही सारखेच. त्याला ते असं, चाळीस जणांच्या हशात कळलं. त्यानं एकदाच तिच्याकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि निघून गेला.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. वर मॅडम पाठ थोपटत म्हणाल्या, “हा बबड्या म्हणजे तुझ्या कामाचा प्राण आहे बरं!” ती थाप तिला चाबकासारखी लागली.

नऊ दिवस तो फिरकला नाही. कॅन्टीनमध्ये त्याला बबड्या म्हणून हाका मारतात, हे तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि चहा तसाच टाकून उठली. घरी आईनं विचारलं, “तोंड का उतरलंय?” तर तिनं पुस्तक तोंडापुढे धरलं. दहाव्या दिवशी ती मॅडमसमोर उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं.

“बबड्या काढलास, तर पाच महिने मागे जाशील,” मॅडम म्हणाल्या.

“जाईन.”

“त्याच्याशी बोललीस?”

“कोणत्या तोंडानं बोलू?”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “चूक चारचौघांत केलीस ना? मग माफीही चारचौघांत माग.”

पुढच्या सत्राला हजेरी सक्तीची होती, म्हणून तो आला होता. अगदी मागे, दाराजवळ. ती उभी राहिली.

“बबड्या आजपासून नाही,” ती म्हणाली. “कुणीतरी माझ्यावर विश्वास टाकून काही बोललं होतं. बाहेर जाणार नाही असा मी शब्द दिला होता, आणि तो मोडला. मला… मला फार लाज वाटते.” कुणीतरी खुदकन हसलं. तिनं मान वर केली. “आणखी एक. मी इतर एकोणतीस जणांनाही तोच प्रश्न विचारला. बावीस जणांनी हीच चूक केली. नावं मी कधीच सांगणार नाही. पण ते बावीसही इथेच बसलेत, आणि त्या दिवशी तेही हसत होते.”

 माना एकेक करून खाली गेल्या.

व्हरांड्यात तो तिची वाट बघत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, पण नजर त्याच्या चपलांवरच.

“बावीस खरंच होते?”

“खरंच.”

“हसले त्याचं मला काही नाही हो,” तो म्हणाला. “दुसऱ्या कुणी विचारलं असतं, तर काहीतरी थाप मारून सुटलो असतो. आजवर तेच केलंय. तुम्हाला खरं सांगितलं, कारण… कारण तुम्ही आवडला होतात. दहा मिनिटांत! आणि नेमकं तेच तुम्ही पडद्यावर लावलंत.”

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. “ते रेकॉर्डिंग मी अकरा वेळा ऐकलं,” ती कशीबशी म्हणाली. “कामाला एकदा पुरतं.”

“अकरा?”

“अकरा.”

त्याचे कान लाल झाले. 

“माझा राग गेलेला नाही,” तो शेवटी म्हणाला.

“माहीत आहे.”

“जायला वेळ लागेल. रोज भेटावं लागेल तुम्हाला.”

तिनं पदराशी चाळा करावा तशी ओढणी बोटाला गुंडाळली, आणि पहिल्यांदाच वर पाहिलं. “आणि गेला, तर?”

“तर तुम्हाला कळू देणार नाही.”