गाऱ्हाण्यातली मागणी

"तुम्ही चिडल्यावर इतक्या छान का दिसता?"

मुलाखतीच्या सरावातला हा पहिलाच प्रश्न ऐकून मृणाली थक्कच झाली. "हे कुठली कंपनी विचारते?"

"माझी... नवीनच काढलीय," समोरचा मुलगा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला.

रत्नागिरीच्या कॉलेजात सरांनी शेवटच्या वर्षाच्या पोरांच्या जोड्या लावल्या होत्या. एकानं साहेब व्हायचं, दुसऱ्यानं उमेदवार. मृणालीच्या वाट्याला हा आगाऊ ऋत्विक गुरव आला. आगाऊ खरा, पण कामाचा! कुठल्या कंपनीत आपल्या कॉलेजचं कोण लागलंय ते शोधून काढी, तिला फोन करायला लावी, नकार आला की मांडवीच्या किनाऱ्यावर नेऊन भेळ खाऊ घाली. नकार तर त्यालाही येत होते. "आधी तुझं होऊ दे गो, माझं बघू," म्हणे. तो मनात कधी शिरला, मृणालीला कळलंही नाही. पण हा पठ्ठ्या चेष्टेपलीकडे एक शब्द बोलेल तर शपथ!

शेवटी पुण्याच्या एका मसाल्याच्या कंपनीनं तिला अखेरच्या मुलाखतीला बोलावलं.

"निवड झाली तर मी तिकडचीच होईन हां," ती मुद्दाम म्हणाली.

"मग... पार्टी कधी?" एवढंच बोलून तो समुद्राकडे बघत बसला. मृणालीला रडूच आलं. असला कसला हा दगड!

निघायच्या आधी तिच्या वडिलांचा, आप्पांचा हट्ट, गावच्या देवाला नारळ ठेवल्याशिवाय पुण्याला पाऊल टाकायचं नाही. गाव लांज्याच्या आत. मृणाली लहानपणी कधीतरी आलेली. देवळात भावकी जमली. गुरव लवूकाका तापानं निजलेले, म्हणून तिच्या वतीनं देवापुढं मागणं मांडायला, गाऱ्हाणं घालायला, त्यांचा मुलगा आला. सोवळं नेसलेला, कपाळाला भस्म...

अगो बाई! ऋत्विक!

गुरव काय गावोगाव असतात, पण हा आपल्याच देवाचा निघावा? तोही तिच्याकडे भूत बघितल्यासारखा बघत राहिला. हातातला नारळ सुटता सुटता राहिला.

"सुरू कर रे बाबा," आप्पा म्हणाले.

त्यानं घसा खाकरला. "बा देवा महाराजा! आज ह्या लेकीनं तुज्या पायाशी नारळ ठेवलान, तो मान्य करून घे."

"व्हय महाराजा!" भावकीनं रिवाजाप्रमाणे साथ दिली.

"ती नोकरीसाठी पुण्यास जातेय. मुलाखतीत तिची जीभ अडखळू देऊ नको."

"व्हय महाराजा!"

"तिची निवड होऊ दे. तिकडं तिला चांगली माणसं भेटू देत."

"व्हय महाराजा!"

आता नारळ फोडायचा. पण ऋत्विक थांबेचना. डोळे मिटलेले, आवाज कापरा.

"आणि तिकडं गेल्यावर... तिला माझा विसर पडू देऊ नको."

"व्हय महाराजा!"

मृणालीनं दचकून मान वर केली. काय बोलतोय हा? आणि ही माणसं कशाला हो म्हणतायत?

"माझीपण नोकरी लौकर लागू दे, म्हणजे तिला मागणी घालायला मला तोंड राहील..."

"व्हय महाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज आप्पांचा.

आप्पांनी वासलेला आ तसाच राहिला. आईनं पदर तोंडाला लावला. ऋत्विकनं डोळे उघडले आणि आपण काय बोलून बसलो ते कळून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आप्पा, मी... चुकलं माझं. कॉलेजात रोज बोलेन बोलेन म्हणत होतो, तिथं धीर झाला नाही. आणि इथं खोटं बोलता येईना..."

"अरे मेल्या!" आप्पा डोकं धरून खांबाला टेकले. "देवासमोर मीच हो म्हणून बसलो की रे! आता शब्द माघारी कसा घेऊ?"

"तुमचं ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "ती काय म्हणते ते विचारलंत काय?"

सगळं देऊळ तिच्याकडे वळलं. मृणालीचे कान तापले होते. इतके महिने हा माणूस गप्प बसला, आणि बोलला तो सगळ्या भावकीसमोर! तिनं हात जोडले. पण देवाकडे नाही, सरळ ऋत्विककडे बघत म्हणाली,

"व्हय... महाराजा!"