दुसरी बाटली

वहिनींच्या नजरेची काय गोष्ट सांगावी! त्या बाजारात शिरल्या की भाजीवाले आपसूक तराजू पुसायला घ्यायचे. एकदा तर म्हणे एका खिसेकापूने त्यांना नुसतं पाहिलं आणि घाबरून स्वतःचंच पाकीट त्यांच्या हातात ठेवलं. खाजगी तपासाचा त्यांचा धंदा घराच्या पुढच्या खोलीत चाले. त्यांचे धाकटे दीर, आयुष्यभर लाँड्री चालवून थकलेले भावजी, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून तपासाला मदत करत. मदत म्हणजे चहा करणं आणि गुन्हेगार चुकीचा ओळखणं.

घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवणारे घड्याळजी आले तेव्हा भावजींनी सवयीप्रमाणे माणसाआधी त्याचा कोट पाहिला. चांगल्या लोकरीचा काळा कोट होता. उजव्या बाहीच्या टोकाला मात्र चारपाच तांबूस ठिपके. ‘वाट लावली कापडाची,’ भावजी मनात हळहळले.

“माझ्या चिमणीला कोणीतरी मारलंय,” घड्याळजी म्हणाले.

चिमणी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणापासून छातीने अधू. शेवटी फुप्फुसात असे जंतू बसले की एकही औषध त्यांना दाद देईना. तेव्हा एका प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंनी वेगळा उपाय काढला. जंतूंनाही रोग होतात. त्यांनाही गिळणारे विषाणू असतात. तसले विषाणू वाढवून, गाळून, बाटलीत भरून पोरीला वाफेतून द्यायचे.

“पहिल्या बाटलीनं जादू केली हो! ताप उतरला. तिनं माझ्याकडे बंद पडलेलं घड्याळ मागितलं आणि पलंगावर बसून दुरुस्त केलं. मला म्हणाली, बाबा, तुमचा हात थरथरतो, तुम्ही आता फक्त गिऱ्हाइकांशी गप्पा मारा. मग दुसरी बाटली आली. तोच विषाणू, तेच लेबल. ढिम्म फरक नाही. आठवड्याभरात गेली. दुसऱ्या बाटलीत काय होतं ते मला सांगा. कोणी केलं ते सांगा. एवढं कळल्याशिवाय मला झोप नाही.”

“जंतू कुठले होते, काही कल्पना?” वहिनींनी विचारलं.

“नाव जिभेवर बसत नाही. हिरवट, चिकट मेले. आणि वास मात्र द्राक्षांसारखा गोड!” त्यांनी तोंड फिरवलं.

ते गेल्यावर भावजी म्हणाले, “वहिनी, नर्सनं बाटली बदलली. लिहून ठेवा.”

“ठेवते हं,” वहिनी म्हणाल्या आणि लिहिलं काहीच नाही.

हॉस्पिटलातली सिस्टर तोंडाची फटकळ होती. “बाटली मी स्वतः फ्रीजमध्ये ठेवायचे. बदलायची कशाला, चोरून पिते की काय मी?” मग तिचेच डोळे भरले. “गुणाची पोर होती. माझंही घड्याळ दुरुस्त केलंन.”

“खोलीत तिच्या आजाराचा वास यायचा? गोडसर?”

“फिनेलचा यायचा. आणि मास्कशिवाय मी कोणाला आत सोडत नव्हते, बापालासुद्धा नाही.”

प्रयोगशाळा म्हणजे तीन खोल्या, एक घरघरणारा फ्रीज आणि जंतू वाढवायची ऊबपेटी. खिडकीशी निळं रेक्झीन लावलेलं टेबल, त्याला लागून खुर्ची. भावजी त्यात बसले, टेबलावर कोपर टेकलं आणि नाराज झाले. निळ्या रेक्झीनवर पांढुरके ठिपके पडले होते.

“ब्लीचनं पुसता का हे?”

“छे! या टेबलावर फक्त स्पिरिट,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ब्लीच तिकडे, सिंकपाशी.”

“वहिनी, ऐकलंत? रंग उडतो अशानं.”

“ऐकलं, भावजी,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी ठिपक्यांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

जाड चष्म्याचा, पिकल्या केसांचा एक गृहस्थ काचेच्या बशा धूत होता. सगळे त्याला चष्मेवाले म्हणत. विषाणू वाढवायचं काम त्याचं.

“पद्धत काय तुमची?”

“विषाणू एकटा वाढत नाही ना, त्याला जंतू लागतो. आम्ही पेशंटच्याच जंतूंत वाढवतो. मग ताकद बघतो. बशीत जंतूंची साय धरू द्यायची, वर औषधाचा थेंब. जिथे विषाणू जंतू खातो, तिथे सायीला भोकं पडतात.”

“दुसऱ्या बाटलीनं पडली होती?”

“मी विचारलं होतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “भोकं पडली का? हा म्हणाला, पडली. मी सही केली.”

चष्मेवाल्याने बशी पुन्हा धुवायला घेतली. ती आधीच लख्ख होती.

“घड्याळजी इथे यायचे?”

“रोज. बाहेर ऊन असायचं, म्हणून मी आतच बसवायचो,” तो म्हणाला. “त्याच खुर्चीत. मी चहा आणायला गेलो की टेबलावरच्या बशांकडे बघत राहायचे. लेकीचं नाव होतं ना एकीवर.”

“ती बशी कुठाय?”

“टाकली... ती गेल्यावर.”

पोरीच्या कफातले जंतू हॉस्पिटलने गोठवून ठेवले होते. वहिनींनी ते आणि सिस्टरच्या फ्रीजमध्ये उरलेली दुसरी बाटली मागवली आणि डॉक्टरीणबाईंना एकामागून एक खटपटी करायला लावल्या. जंतू वाढल्यावर बाईंनी बशीचं झाकण उघडलं. खोलीभर द्राक्षांचा वास पसरला.

“अगंबाई! हा वास झाकणाबाहेर येत नाही का?”

“झाकण उघडल्याशिवाय नाही. आणि बाहेरच्या माणसासमोर आम्ही ते उघडत नाही.”

त्या दिवशी घरी जाताना भावजींनी डॉक्टरीणबाईंना गुन्हेगार ठरवलं, तरी वहिनी हसल्या नाहीत.

प्रयोग पुरे झाल्यावर वहिनींनी सगळ्यांना प्रयोगशाळेत बोलावलं. त्या दुपारी टेबलाभोवती पाच माणसं बसली. घड्याळजी त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत, शेजारी चष्मेवाला, समोर डॉक्टरीणबाई, आणि वहिनींच्या उजवीकडे, गुडघ्याला गुडघा लागेल असे, भावजी.

“दुसऱ्या बाटलीत विष नव्हतं, पाणी नव्हतं,” वहिनींनी सुरुवात केली. “तोच विषाणू होता, जिवंत आणि भरपूर. लॅबच्या रोजच्या पाळीव जंतूंवर टाकला तर साय जाळीसारखी झाली. चिमणीच्या जंतूंवर टाकला तर इनमीन दोनचार भोकं. मग त्या भोकांतले विषाणू उचलून पुन्हा तिच्याच जंतूंवर सोडले. या वेळी त्यांनी फडशा पाडला.”

“म्हणजे बदलले की ते!” भावजी म्हणाले.

“मलाही तसंच वाटलं. म्हणून तेच शूर विषाणू एकदा पाळीव जंतूंत वाढवून परत आणले. पुन्हा लुळे! जातीनं बदलले असते तर असे एका पिढीत विसरले नसते. काय विसरत होते, ते बाई सांगतील.”

डॉक्टरीणबाईंचा आवाज खोल गेला होता. “खूण. काही जंतू स्वतःच्या डीएनएवर ठरावीक जागी मिथाइलचा एक बारीकसा रासायनिक ठिपका लावतात. आणि कात्रीसारखं एक विकर बाळगतात. ठिपका नसलेला डीएनए घरात शिरला की कात्री त्याचे तुकडे करते. विषाणू त्या जंतूच्या पोटात जन्मला, तर त्यालाही ती खूण लागते, आणि पुढच्या घरात तो घरचा म्हणून खपतो. आमच्या पाळीव जंतूंकडे ही खूणच नाही. त्यांच्यात वाढलेला विषाणू चिमणीच्या जंतूंत शिरला की...” त्यांनी दोन बोटं कात्रीसारखी मिटली. “हजारांत एखादा निसटतो. त्याच्या पोरांना पुन्हा खूण लागते. पण फुप्फुसात तेवढा वेळ कुठला?”

“थोडक्यात,” वहिनी म्हणाल्या, “विषाणूच्या अंगावर त्याच्या शेवटच्या घराची खूण असते. दुसऱ्या बाटलीतले विषाणू चिमणीच्या जंतूंत वाढलेच नव्हते.”

चष्मेवाल्याने चष्मा काढला. चष्म्याविना तो एकदम म्हातारा दिसू लागला.

“मी केलं,” तो म्हणाला. “तिची बशी मेली होती. कितीही लावा, जंतू उगवेनात. वाटलं, आपणच जंतू उचलायची तार तापवून गार होऊ न देता बुडवली आणि भाजले सगळे. हॉस्पिटलातून नवे मागवायचे तर बाईंना सांगावं लागलं असतं. लाज वाटली. आणि तिकडे पोरीचं औषध खोळंबलेलं. म्हटलं, विषाणू तर तोच आहे! पाळीव जंतूंत वाढवला, त्यांच्यावरच तपासला.”

“आणि मी विचारलं नाही, कोणाच्या सायीला भोकं पडली,” डॉक्टरीणबाई पुटपुटल्या.

घड्याळजी एकटक चष्मेवाल्याकडे बघत होते. “सांगायचं होतंत हो,” एवढंच म्हणाले.

“झालं ते असं,” वहिनी घाईने म्हणाल्या. “बशी मरायची ती मेली. नवी मागवली असती तर निभावलं असतं. याच्यापुढे काही नाही. चला.”

पण भावजी तेवढ्यात ताठ बसले होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या डोक्यात दोन गोष्टी एकमेकींना येऊन भिडल्या होत्या. काळ्या कापडावर तांबूस, निळ्या रेक्झीनवर पांढुरके. टेबलाखाली कोणाचा तरी पाय त्यांच्या पायावर पडला, पण त्यांना थांबवतंय कोण!

“वहिनी, बशी आपोआप मेली नाही! हे ठिपके ब्लीचचे आहेत. कोणीतरी सिंकपासून इथवर ब्लीच आणलं, बशीत ओतलं. आणि ज्यानं ओतलं, त्याच्या बाहीवर...”

बोलता बोलता त्यांची नजर घड्याळजींच्या बाहीवर गेली.

घड्याळजींनीही स्वतःची बाही पाहिली. मग रेक्झीनवर बोट फिरवलं, एका ठिपक्यावरून दुसऱ्या ठिपक्यावर, घड्याळाच्या तबकडीवरून फिरवावं तसं.

“झाकण उघडून बघितलं मी,” ते सावकाश म्हणाले. “हिरवे, चिकट. माझ्या पोरीचा श्वास खाणारे. आणि वास इतका गोड! मला राग आला. म्हटलं, निदान एवढे तरी मरा. चार थेंब टाकले. झाकण लावलं. त्या रात्री मला छान झोप लागली.”

फ्रीज घरघरत होता.

“त्या बशीत तिचं औषध वाढायचं होतं,” घड्याळजी म्हणाले. हा प्रश्न नव्हता.

ते चष्मेवाल्याकडे वळले. “इतके दिवस तुम्ही धरून चाललात, बशी तुमच्या हातून मेली?”

“हो.”

“नाही मेली तुमच्या हातून.” त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलला, कोटाच्या चांगल्या बाहीने पुसला आणि त्याच्या हातात दिला. मग ते उठले आणि कोणाचाही आधार न घेता जिना उतरून गेले.

वहिनी आणि भावजी रस्त्याने चालत राहिले.

“तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं,” भावजी म्हणाले.

“द्राक्षांचा वास पहिल्या दिवशीच खटकला होता. बाकीचं लॅबमध्ये गेल्यावर कळलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“त्यांनी विचारलं होतं, बाटलीत काय होतं आणि कोणी केलं. दोन्हीचं उत्तर दिलं होतं मी. खरं होतं तेही.”

“त्या चष्मेवाल्याच्या डोक्यावर ठेवून?”

वहिनींच्या त्या प्रसिद्ध नजरेला समोरचा रस्ता नीट दिसत नसावा, कारण त्यांनी भावजींचा दंड धरला होता.

“मी तुमचा पाय दाबत होते, भावजी.”

“मला वाटलं,” भावजी म्हणाले, “चुकून लागला.”