चांदीवर उमटलेली बोटं

स्कॉटलंडमधल्या ड्रमफेलन हाउसची चांदी एकतीस वर्षं तिथल्या जुन्या नोकराणीच्या, ग्रिझेलच्या, हाती होती. एडिनबराच्या कारागिराने दीडशे वर्षांपूर्वी घडवलेलं सुपाचं मोठं भांडं, त्याच्या झाकणावरचं हरिण, घराण्याचं चिन्ह कोरलेले चोवीस चमचे. चांदी घासायची तांबडी पूड उघड्या बोटांनी चोळली तरच त्यांना खरी चकाकी येते. फडक्याचं ते काम नव्हे.

एप्रिलमधल्या एका सोमवारी घराच्या मालकीणबाई लेडी मारियोटांनी तिला जेवणघरात बोलावलं. त्यांनी एक चमचा खिडकीच्या उजेडात धरला होता.

"हे काय, ग्रिझेल? बोटं उमटलीत."

उमटली होती खरी. लहानसा अंगठा, मधोमध आडवा वण.

"दिसत नसेल तर तसं सांग. वय होतंच माणसाचं."

ग्रिझेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने चमचा घासून कपाटात ठेवला, कुलूप लावलं. गुरुवारी उघडलं, तर सहा चमच्यांवर तोच अंगठा. शनिवारी चोवीसही चमच्यांवर. भांड्याच्या दोन्ही कानांवर तर अख्खे पंजे होते, कुणीतरी ते उचलून वाहून नेल्यासारखे.

तो वण ग्रिझेलच्या ओळखीचा होता. एल्सपेथ, जेवण वाढणारी पोर, तिचा अंगठा तापलेल्या ताटलीने भाजला होता. जानेवारीत मिठाच्या वाटीतला चांदीचा छोटा चमचा हरवला. बाईसाहेबांनी तिला सगळ्यांदेखत चोर म्हटलं आणि भर बर्फात घालवून दिलं. पाचव्या दिवशी ती खिंडीत सापडली, गोठलेली. पुढे महिन्याभराने जवळच्या पर्थ शहरातल्या सोनाराकडून पुडकं आलं. दुरुस्तीला बाईसाहेबांनीच धाडलेला चमचा!

"याची वाच्यता नको," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. आणि ग्रिझेल गप्प बसली होती. त्याचीच तिला जास्त चीड येई.

रविवारी दुपारी आठ पाहुणे होते. सकाळीच ग्रिझेलने सगळं पुन्हा घासून मांडलं होतं. बाईसाहेबांनी चमचा उचलला, त्यावर पुन्हा तोच अंगठा होता. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुझे घाणेरडे हात आता माझ्या पाहुण्यांनीही बघायचे का?"

ग्रिझेलने सुपाचं भांडं खाली ठेवलं आणि दोन्ही तळवे टेबलावर पसरले.

"बघू देत की. एकतीस वर्षं तुमची चांदी चोळली, बोटांवर एक रेघ उरली नाही. माझा ठसा उमटेलच कुठून?"

शेजारी बसलेले पाद्री वाकून पाहू लागले. बोटं साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होती.

"मग हे कुणाचे?" त्यांनी विचारलं.

"एल्सपेथचे. बाईसाहेबांनी चोर ठरवलेल्या पोरीचे. चमचा घरी परत आला, तेव्हा त्या बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही."



"चालती हो," बाईसाहेब म्हणाल्या.

ग्रिझेलने कमरेच्या किल्ल्या सोडून टेबलावर ठेवल्या.

तेवढ्यात बाईसाहेबांची खुर्ची मागे सरकली. त्यांनी ती सरकवली नव्हती.

त्या उठल्या.

"सोड," त्या हळूच म्हणाल्या. समोर कुणीच नव्हतं.

गोऱ्या मनगटावर चार करडी बोटं उमटत होती.

त्या बागेच्या दाराकडे, खिंडीच्या वाटेकडे, ओढल्यासारख्या चालू लागल्या. उजवा हात पुढे ताणलेला, जरा खाली झुकलेला, बुटक्या माणसाच्या हातात असल्यासारखा. डाव्या हाताने त्यांनी जाता जाता दाराची चौकट धरली.

मग त्या हाताची बोटं सुटू लागली. एकेक करून.