कोरडा पट्टा

पिशवीच्या तळाशी, सगळ्यांच्या टॉवेलांखाली ताईने आपला निळा पोशाख घडी घालून लपवला होता, आणि आता रांगेत उभं असताना तिचा हात सारखा त्या पिशवीकडे जात होता... आहे ना जागेवर? आहे, आहे! केस पिकलेली बाई, पण काळीज असं धडधडत होतं, जणू शाळेची सहलच निघाली होती. काचेच्या पलीकडे ते सगळं दिसत होतं. जुना लाटांचा तलाव तोच, पण आता त्यावर उंच काचेचं छप्पर, भोवती रंगीत घसरगुंड्यांची वेटोळी, वरून कोसळणारी भलीमोठी बादली आणि मुलांचा आनंदकल्लोळ! कितीतरी दिवस बंद ठेवून त्यांनी त्या जागेचा पार कायापालट केला होता. वरच्या मजल्यावर राहायच्या खोल्यासुद्धा झाल्या होत्या, आणि धाकट्या भावाने त्यातली एक सगळ्यांसाठी घेतली होती.

सगळ्यांचे पोहण्याचे पोशाख ताईनेच शिवले होते. जन्मभर शिलाईचं काम केलेली ती, ताणल्या जाणाऱ्या कापडावर मशीन कशी हळू चालवायची हे तिला कुणी सांगायला नको होतं. भावाचा झाला, भावजयीचा झाला, भाचीचा तर झालरीसकट झाला, आणि मग उरलेल्या निळ्या कापडावर तिची नजर खिळली. दार लावून घेऊन तिने स्वतःची मापं घेतली. आरशात बघताना तिला लाज वाटली आणि हसूही आलं.

धाकटा तिकीट खिडकीवरून हसत परत आला. त्याच्या हातात मनगटावर बांधायचे पट्टे होते, पाण्यात जाणाऱ्यांना निळे आणि नुसतं बसणाऱ्यांना राखाडी. त्याने बायकोला निळा दिला, लेकीला निळा बांधला, स्वतःला निळा बांधला आणि मग मोठ्या मायेने ताईचं मनगट हातात घेतलं.

"ताई, तुला कोरडा घेतलाय. आत मस्त आरामखुर्च्या आहेत म्हणे. तुला पाण्याची भीती, उगाच जिवाला घोर नको."

पट्ट्याचं बकल टक् करून बसलं. ताई एवढंच म्हणाली, की बरं केलंस, सामानाजवळ कुणीतरी हवंच.

घराघरात असं एक माणूस असतं बघा, ज्याच्याविषयी सगळ्यांना सगळं ठाऊक असतं आणि म्हणून त्याला कुणी कधी काही विचारत नाही. ताई पाण्याला घाबरते, हे त्या घरात तसंच पक्कं झालेलं होतं. धाकटा ती गोष्ट रंगवून रंगवून सांगायचा. लहानपणी याच तलावावर घंटा झाली, लाटा सुरू झाल्या आणि ताई रडायलाच लागली, मग मी पाण्यात न जाता तिचा हात धरून बसलो! पाहुणे हसायचे, भावजय हसायची, आणि ताईही हसायची.

खरं काय घडलं होतं ते फक्त तिच्या अंतःकरणाला ठाऊक होतं. आई गेल्यावर तीच त्याची आई झाली होती. त्या दिवशी ती मासोळीसारखी पाण्यात रमली होती. लाटा सुरू होण्याआधीची घंटा झाली आणि काठावर धाकट्याने भोकाड पसरलं. बाकीची मुलं त्याला हसली, तो शरमेने लालबुंद झाला... आणि ताई पाण्यातून बाहेर आली. टॉवेल गुंडाळून त्याच्याशेजारी बसली आणि म्हणाली, की मलापण फार भीती वाटते रे, तू जवळ बस, मला सोबत होईल. त्या एका वाक्याने पोराचे डोळे कोरडे झाले! पुढच्या खेपेला तो छाती काढून पाण्यात शिरला आणि वळून ओरडला, "ताई, घाबरू नकोस, मी आहे!" आता कोणत्या तोंडाने ती त्याच्यामागून पाण्यात उडी घेणार? ती बाकावर बसून राहिली. एकदा बसली ती बसलीच, आणि लहानग्याच्या आठवणीत ती थापच खरी होऊन गेली.

आत शिरल्यावर तर नुसता धुमाकूळ होता. धाकट्याने दोन घसरगुंड्या पालथ्या घातल्या, भावजय वरच्या बादलीखाली चिंब झाली, आणि ताई आरामखुर्चीत बसून सगळ्यांचे चष्मे-चपला सांभाळत टाळ्या वाजवत होती. भाचीला घरी सगळे भिंगरी म्हणत, इतकी ती दिवसभर गरगरत असायची. पण लाटांच्या तलावाशी येऊन ती भिंगरी थबकली. तेवढ्यात घंटा झाली. इमारत बदलली, फरश्या बदलल्या, पण घंटा मात्र तीच, जुनी! पोरगी काठावर थिजून उभी राहिली. धाकट्याने पाण्यातून हाका मारल्या, आधी गोंजारलं, मग लोक बघायला लागले तसा तो चिडला.

"अगदी आत्यावर गेलीस बघ. भित्री कुठली."

भिंगरी वळली, ताईजवळ आली आणि टॉवेल गुंडाळून शेजारच्या खुर्चीत चढून बसली. रडली असती तर बरं झालं असतं... पण ती हसत होती.

"आत्या, आपण दोघी भित्र्या ना? मग मी मोठी झाले तरी तुझ्याजवळच बसणार. आपण दोघी सामान सांभाळू."

ताईच्या काळजात लख्खकन काहीतरी चमकून गेलं. एका लेकराची लाज राखायला उच्चारलेली ती थाप, आज दुसऱ्या लेकराला खुर्चीत बांधून घालत होती! पाण्यात जावं तर भावाचा इतक्या वर्षांचा मान त्याच्या बायकोसमोर, लेकीसमोर गळून पडेल. न जावं तर ही चिमुरडी जन्मभर इथेच, कुणाच्या तरी चपला राखत... तिने पिशवीत हात घातला, थेट तळाशी.

कपडे बदलून ती बाहेर आली तेव्हा तिला पहिल्यांदा भावजयीने पाहिलं आणि तिचा आ वासलेला तसाच राहिला. ताईने कुणाकडे पाहिलं नाही. लाटा शांत झालेल्या पाण्यात ती पायरी पायरी उतरली. घोटे, गुडघे, कंबर... अहाहा, ते पाणी! तेवढ्यात पुन्हा घंटा झाली आणि पहिली लाट उठली. ताईने अंग झोकून दिलं. हात पाण्याची ओळख विसरले नव्हते, पायही नाहीत. लाटेमागून लाट कापत ती पुढे निघाली आणि खुर्चीवर उभी राहून भिंगरी बेभान होऊन ओरडत होती, "आत्या! आत्या!"

शिट्टी वाजली. जीवरक्षक मनगटाकडे बोट दाखवत होता, कोरड्या पट्ट्याची माणसं पाण्यात चालत नाहीत. सगळे थांबून बघायला लागले आणि ताई चोरी पकडल्यासारखी छातीभर पाण्यात उभी राहिली.

धाकटा तिच्यापर्यंत आला. लाटा कापून आलेल्या तिच्या दंडांकडे त्याने पाहिलं, मग खुर्चीवरच्या, टॉवेल गुंडाळलेल्या लेकीकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"ताई, त्या दिवशी रडत कोण होतं?"

"लहान होतास रे तू..."

"मी होतो ना?"

ताईचे डोळे भरून आले.

"मी जगभर तुला भित्री म्हणत फिरलो... आणि तू हसत राहिलीस? एकदा तरी सांगायचंस."

"किती ऐटीत शिरला होतास पाण्यात," ती कशीबशी म्हणाली. "ती ऐट मोडवेना मला."

तो थोराड बाप्या लोकांदेखत हुंदके देऊन रडला. मग त्याने तिचा हात धरून तिला काठाशी आणलं, आपल्या मनगटावरचा निळा पट्टा सोडला आणि ताईच्या हाताला बांधला. तिचा राखाडी पट्टा स्वतःला बांधून तो सरळ जाऊन चपलांपाशी बसला. जीवरक्षकाने मान डोलावली.

"बाबा, तू का बसलास?" भिंगरीने विचारलं.

त्याने बायकोकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मी घाबरायचो, बाळा. आत्या नाही. लाटांना मी घाबरायचो."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. तिने हळूच त्याच्या ओल्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मग मी बसू तुझ्याजवळ? तुला सोबत होईल."

"अजिबात नाही!" ताई पाण्यातून कडाडली. उभ्या आयुष्यात इतक्या मोठ्याने ती कुणावर ओरडली नव्हती. "त्याचं तो बघेल. तू ये इकडे!"

धाकटा रडता रडता खदखदून हसला आणि त्याने लेकीच्या अंगावरचा टॉवेल ओढून घेतला. भिंगरी पायऱ्या उतरली. घंटा झाली तशी तिने डोळे घट्ट मिटले आणि आत्याचा हात आवळून धरला.

"आत्या, मला भीती वाटतेय."

"वाटू दे," ताई म्हणाली. "मला नाही वाटत."

आणि लाट आली.