पाणी शांत होईपर्यंत

"हात काढा पाण्यातून! आधी काढा!"

माझ्या धाकटीचं त्याच्याशी झालेलं पहिलं बोलणं हे असं. मी साक्षीला होते. डबा विसरायची खोड तिची, त्यापायी पायपीट माझी.

धाकटी बोटींची इंजिनिअर. तिच्या कामाची जागा म्हणजे फलाटाएवढी लांबलचक पाण्याची टाकी. त्यात ती बोटींचे छोटे नमुने पळवून बघते. मी शाळा चौथीत सोडली, पण एवढं मलाही ठाऊक होतं की पाणी आरशासारखं थांबल्याशिवाय नमुना सोडायचा नाही, नाहीतर सगळं मोजमाप चुकतं. आणि हा उंच चष्मेवाला चुकीच्या दारानं आत आला नि त्यानं सरळ पंजा बुडवला!

"मला वाटलं, काच आहे..."

"आता बसा इथे. लाटा विरेपर्यंत हलायचं नाही."

"शिक्षा आहे का?"

"आहे. मला. तुमच्याशेजारी बसायची."

मग कळलं, हा समुद्राच्या कायद्याचा संशोधक. धाकटीची बोट नौदलासाठी, पाण्यातले सुरुंग शोधणारी. आत माणूस नाही. तिची खऱ्या समुद्रात चाचणी होऊ द्यायची की नाही, ते याच्या अभिप्रायावर ठरणार होतं. म्हणजे पोरीची सगळी मेहनत याच्या हातात, आणि तिनं पहिल्याच भेटीत त्याला झापलं. माझीच मुलगी!

तो रोज यायला लागला. एक फेरी झाली की पाणी शांत होईपर्यंत दोघं बाकावर.

"समजा, तुमच्या बोटीनं मच्छीमाराची होडी उडवली. कप्तान कोण?"

"किनाऱ्यावर बसलेली मी."

"कायदा म्हणतो, डोळ्यांनी आणि कानांनी सतत पहारा हवा."

"माझ्या बोटीला दोन्ही आहेत. तुम्हाला तर समोरचं पाणी दिसलं नाही!"

तो हसला आणि उगाचच चष्मा पुसत बसला. मी ओळखलं — हा गेला कामातून.

मग टाकीत रोज काहीबाही पडायला लागलं. कधी पेनाचं टोपण, कधी रुमाल.

"किती हो धांदरट!" ती म्हणायची, आणि बाकावर सरकून जागा करायची.

शेवटी अभिप्राय आला. मासेमारीचा हंगाम सरेपर्यंत चाचणी नको. नंतरही मागोमाग माणसांची बोट हवी.

धाकटी भडकली. "इथे बसून गोड बोलायचं, आणि मग पाठीत खंजीर?"

"होडीतल्या माणसाला काय सांगू? बोट बनवणारी मला आवडते, म्हणून परवानगी दिली?"

बोलून गेला आणि कानापर्यंत लाल झाला. तो निघून गेला.

काही दिवस घरात भांडी आदळली. मी तोंड उघडलं नाही, आणि मला ते किती जड गेलं ते माझं मला ठाऊक. मग एका दुपारी तिनं टाकीत यंत्रानं मोठ्या लाटा उठवल्या आणि होडी समजून एक रिकामं डबडं वाटेत सोडलं. लाटांच्या आड तिच्या बोटीला ते दिसलंच नाही. सरळ उडवलं!

"आई... त्याचं बरोबर होतं गं."

माझ्या पोटची पोर चूक कबूल करते, म्हणजे दुखणं साधं नाही.

आणि नेमका तो बॅग घेऊन निरोपाला आला. दूरच्या बंदरात नवं काम, संध्याकाळची गाडी. तोवर पाणी पुन्हा आरसा झालेलं, नमुना तयार.

"एवढी फेरी बघतो आणि निघतो," तो म्हणाला. पाय मात्र दारातच.

"डबडं उडवलं माझ्या बोटीनं. डोळे सुधारायला हवेत तिचे. हंगाम सरेपर्यंत वेळ आहे, पण... सांगणारं कुणी हवं ना, काय दिसत नाही ते."

"कुणीही सांगेल."

"कुणीही नको."

धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. मी डब्याचं झाकण लावण्यात गढून गेले. तिनं बाही वर सारली आणि त्या आरशात अख्खा पंजा बुडवला. वर्तुळं सुटली, पार पलीकडच्या भिंतीपर्यंत...

"अरेरे," ती म्हणाली. "आता थांबावं लागेल तुला."

त्यानं बॅग खाली ठेवली. पाणी जरा निवलं, तर आता त्यानं हात बुडवला. मग पुन्हा तिनं.

नौदलाचे मोठे साहेब फेरी बघायला आले, तेव्हा गाडी कधीच सुटली होती आणि टाकीत लाटाच लाटा.

"पाणी का हलतंय?" साहेबांनी डोळे वटारले.

"मी डबा धुतला," मी म्हटलं. "काही म्हणणं आहे?"